टिपणिसांची ताठ मान

पहिली कळ आली तेव्हा जयदेव टिपणीस भांग पाडत होता. मंगळवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते आणि फणी उजव्या कानामागून वर येत होती. कवटी संपून मान सुरू होते त्या खळगीत काहीतरी चटकन पेटलं, डोक्याच्या उजव्या बाजूने वर चढलं आणि उजव्या डोळ्यामागे जाऊन विझलं. सगळा प्रकार तीन-चार सेकंदांचा. चाळीत त्याच वर्षी वीज आली होती आणि शेजारच्या एकाने उघड्या तारेला हात लावून पाहिला होता, त्यामुळे जयदेवला उपमा शोधावी लागली नाही. त्याने फणी खाली ठेवली आणि डोक्यातून वीज गेल्याचं बायकोला सांगितलं. वृंदा शेवटची पोळी भाजत होती. ती म्हणाली, "डबा भरलाय."

अंबरनाथला पत्र्याचे डबे बनवणारा एक कारखाना होता. तिथे टाइम ऑफिसात जयदेव अकरा वर्षं कारकून होता. सकाळी साडेसातचा भोंगा झाला की गेट बंद व्हायचं, आणि जे बाहेर राहिले त्यांच्या नावापुढे हजेरीपटात अर्ध्या दिवसाचा खाडा मांडायचा, हे त्याचं मुख्य काम. माणूस गरीब स्वभावाचा. वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत त्याने कोणाला 'नाही' म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच त्याची मान होकारार्थी हलू लागे. लग्नात भटजींच्या मंत्रांनाही तो मान डोलवत होता आणि एक मंत्र चुकला तेव्हाही डोलवत होता, असं त्याचे सासरे विष्णुपंत सांगत.

आठवड्याभरात जयदेवला दुखण्याचे कायदे कळले. फणी लागली की कळ येते. टोपीची कड लागली की येते. उशीवर डोकं टेकलं, मान खाली घातली, वर केली, वळवली, तरी येते. मधल्या वेळात डोक्याचा मागचा भाग नुसता ठणकत राहतो. मात्र मान फुटपट्टीसारखी सरळ ठेवून समोर पाहत राहिलं तर दिवस निभावतो. तेव्हा त्याने टोपी सोडली, भांग सोडला, भिंतीला गादीची गुंडाळी लावून तो बसून झोपू लागला, आणि मागे पाहायचं असलं की कपाट सरकवावं तसा अख्खा फिरू लागला.

उपाय लगेच सुरू झाले. जयदेवची आई, माई, हिचं म्हणणं पित्त झालंय. तिने मोरावळा दिला आणि कपाळाला सुंठेचा लेप लावला. कपाळ सोडून बाकी सगळं डोकं दुखत राहिलं. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि गुलाबी औषध दिलं. जयदेवच्या पुढे एक बोट कापलेला कामगार होता, त्यालाही तेच मिळालं होतं. मग कोणीतरी म्हणालं की कळ डोळ्याशी जाते त्या अर्थी दोष डोळ्यांत असणार. म्हणून जयदेव फाळणीनंतर वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्प नंबर दोनला गेला आणि तिथल्या एका दुकानदाराकडून चष्मा करून घेऊन आला. चष्म्याची उजवी काडी बरोबर कानामागे, जिथे लागू नये तिथे लागत होती. पण चष्मा नवा होता आणि तो फुकट घालवायचा नव्हता, म्हणून जयदेवने तो वापरला. सर्वांत शेवटी कल्याणच्या एका दंतवैद्याने उजवीकडची दाढ काढली. दाढ निरोगी निघाली. दंतवैद्याने ती जयदेवला उजेडात धरून दाखवली आणि अशी दाढ हल्ली पाहायला मिळत नाही, असं सांगितलं.

डोकेदुखीची खरी अडचण अशी की ती दिसत नाही. तापाला थर्मामीटर आहे, गळवाला पू आहे, मोडलेला हात गळ्यात अडकवता येतो. डोकं आतून पेटलेलं असलं तरी बाहेरून होतं तसंच दिसतं. खुद्द जयदेवने अकरा वर्षांत रजेच्या शेकडो अर्जांची नोंद करताना 'कारण : डोकेदुखी' असं लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मिशीखाली थोडं हसू आलं होतं. आता तेच हसू त्याला इतरांच्या मिशांखाली दिसू लागलं.

कारखान्याचे मॅनेजर दिनानाथ धुरंधर रोज सकाळी पावणेआठला फेरी मारत. वाईट माणूस नव्हता, पण शिस्तीचं वेड. त्यांची फेरी टाइम ऑफिसपाशी आली की कारकून उठून उभे राहत, टोपीला हात लावत आणि मान लववत. धुरंधर साहेब किंचित हसून पुढे जात. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. श्रावणातल्या एका सकाळी सगळ्या माना खाली गेल्या आणि एक वर राहिली. बोडकं डोकं, विस्कटलेले केस, नवा चष्मा, आणि त्या चष्म्यातून रोखून पाहणारे दोन डोळे. साहेब थबकले. काही म्हणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. दाढेची जखम ओली असल्याने जयदेवला तोंड फार उघडता येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "नाही."

साहेब पुढे गेले, पण दोनदा मागे वळून पाहून. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने साहेबांनी फेरीची वाट बदलली आणि ते गोदामाच्या बाजूने जाऊ लागले. डोकं दुखतं हे जयदेवने हेडक्लार्कच्या कानावर घातलं होतं, पण हेडक्लार्क मिशीखाली हसले आणि त्यांनी ते वर कळवलं नाही.

हे सगळं पाहणारा माणूस म्हणजे पत्रा कापायच्या खात्यातला बुधाजी. बदलापूरच्या पलीकडच्या गावातला आगरी, अंगाने थोराड, बोलायला थोडका. कर्जतकडून येणारी सकाळची गाडी अंबरनाथला सव्वासातला पोचे, पण ती बहुधा पाचेक मिनिटं उशिरा असे, आणि स्टेशनपासून कारखाना चांगला बारा मिनिटांवर. म्हणजे बदलापूर-वांगणीकडून येणारी चाळीस-पन्नास माणसं जीव तोडून चालली तरी गेट बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी पोचत. त्यांत पॅकिंगमध्ये काम करणारी वांगणीची रखमाबाई होती. ती चपला हातात घेऊन धावत यायची. गेटचा आडणा पडताना ती कोपऱ्यावर असायची, हे जयदेव टाइम ऑफिसच्या खिडकीतून रोज पाहायचा आणि तिच्या नावापुढे खाडा मांडायचा.

भाद्रपदात एका सकाळी गाडी नेहमीपेक्षा जास्त उशिरा आली आणि नेमके धुरंधर साहेब गेटवर उभे होते. बाहेर पन्नास माणसं. साहेब जयदेवला म्हणाले, "टिपणीस, सगळ्यांना खाडा लावा." एरवी जयदेवची मान 'टिपणीस' या शब्दालाच हलली असती. पण त्या दिवशी सकाळपासून कळा येत होत्या. त्याने मान हलवली नाही. बोलायला तोंड उघडणार तोच मानेच्या खळगीतून एक कळ निघाली. ती संपेपर्यंत तो डोळे न मिटता, श्वास रोखून, साहेबांच्या नाकाकडे पाहत उभा राहिला. साहेबांनी पुन्हा सांगितलं. दुसरी कळ निघाली. पन्नास माणसं गजाबाहेरून पाहत होती. साहेबांना असा अनुभव नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं, खाकरले आणि आजच्या दिवस घ्या आत, असं म्हणून ऑफिसात निघून गेले.

दुपारपर्यंत ही बातमी पत्र्याच्या खात्यातून रंगाच्या खात्यात आणि तिथून पॅकिंगमध्ये गेली. प्रत्येक खात्यात ती थोडी वाढली. संध्याकाळी रखमाबाईने जयदेवला वाटेत थांबवून त्याच्या पाया पडण्याचा प्रयत्न केला. त्याला मागे सरता आलं नाही, कारण मागे काय आहे ते पाहता येत नव्हतं.

त्याच महिन्यात कारखान्यात वर्क्स कमिटी बसवायची सरकारी चिठ्ठी आली. कामगारांचे तीन, मालकांचे तीन. कामगारांची सभा कॅन्टीनच्या मोकळ्या शेडमध्ये भरली आणि बुधाजीने जयदेवचं नाव सुचवलं. जयदेवला तिथल्या तिथे नकार द्यायचा होता. पण मान आडवी हलवली तर कळ उभी हलवल्यापेक्षा जबर येत असे, आणि तोंडाने कोणाला नाही म्हणायची सवय नव्हती. तो समोर पाहत बसून राहिला आणि निवडून आला. मागाहून त्याने बुधाजीला एकट्याला गाठून सगळं खरं सांगितलं. आपण शूर वगैरे नाही, डोकं दुखतं म्हणून मान हलत नाही. बुधाजीने ते शांतपणे ऐकलं.

"टिपनीस भाव, आमची बी डोकी दुखतान," तो म्हणाला. "पन आमच्या माना हलतान ना."



कारखान्यात अशी कीर्ती होत असताना घरी वेगळंच चाललं होतं. माईच्या मते मुलाला वाकून नमस्कार करायची लाज वाटू लागली होती. चाळीतल्या गोजरबाईने तर त्याला सरळ विचारलं, कारखान्यात बढती मिळाली काय. कळस झाला तो माघात, बदलापूरला, विष्णुपंतांच्या एकसष्टीत. अंगणात मांडव होता, शेदोनशे माणूस होतं आणि विष्णुपंत पाटावर बसले होते. एकेक जण येऊन पायावर डोकं ठेवत होता. जावयाची पाळी आली. जयदेवने रात्रभर विचार करून युक्ती काढली होती. तो मान सरळ ठेवून गुडघ्यांवर बसला आणि समोर मांडवाच्या खांबाकडे पाहत हातांनी सासऱ्यांचे पाय चाचपू लागला. प्रथम त्याच्या हाताला तांब्या लागला. मग समई. समई सरकली तशी विष्णुपंतांनीच पाय मागे घेतले. जयदेवने तांब्याला नमस्कार केला आणि तो उठला. आशीर्वादासाठी उचललेला विष्णुपंतांचा हात बराच वेळ हवेत होता.

"जावई मोठे झाले," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

 घरी आल्यावर वृंदाने लुगड्याची घडी केली, ट्रंकेत ठेवली, ट्रंक बंद केली आणि मग म्हणाली, "डोकं तुमचं दुखतंय, पण मान माझी खाली गेली."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की हे आता असं सोडायचं नाही. चष्म्यापासून सुरुवात करू, कारण चष्मा आल्यापासून हे जास्त झालंय. पण जयदेवला रजा मिळेना, मग माई आजारी पडली, आणि अखेर दोघं कॅम्प नंबर दोनला पोचले तेव्हा फाल्गुन लागला होता. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी वर्क्स कमिटीची बैठक होती आणि त्यात विषय एकच होता. साडेसातनंतर गेट पाच मिनिटं उघडं ठेवावं की नाही. कामगारांनी टिपणीस भावांवर सगळा भरवसा टाकला होता. जयदेवला या बैठकीच्या विचारानेही कळ येत होती.

चष्मेवाला प्रामाणिक निघाला. नंबर असा काही नव्हताच, असं त्याने मान्य केलं. गिऱ्हाइकाने चष्मा मागितला, आपण दिला. पण त्याला वाईट वाटलं असावं. तो स्वतः दुकानातून बाहेर आला आणि त्याने बोट करून दाखवलं. दोन बराकी सोडून डॉक्टर मूलचंदानी बसतात, कराचीत मोठ्या इस्पितळात होते, त्यांना दाखवा.

डॉक्टर मूलचंदानींची खोली म्हणजे लष्करी बराकीचा पडदा लावून केलेला एक तुकडा. पडद्यामागे त्यांचा संसार होता आणि तिथून कांदा परतल्याचा वास येत होता. वय पन्नाशीचं, चेहरा थकलेला, कोट जुना पण इस्त्रीचा. जयदेवने जीभ बाहेर काढली. डॉक्टरांनी ती आत घ्यायला सांगितली. मग जयदेव सवयीने पित्त, डोळे आणि दाढ यांची हकिगत सांगू लागला. डॉक्टरांनी हात वर केला.

"साईं, वो सब छोड़ो. दर्द शुरू कहाँ से होता है?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कुठे दुखतं, असं सगळ्यांनी विचारलं होतं, आणि जयदेवने डोळ्यावर बोट ठेवलं होतं. आता तो हात मागे गेला आणि मानेच्या उजव्या खळगीपाशी, केसांच्या कडेला, एका जागी थांबला. डॉक्टर उठून त्याच्या मागे गेले, त्याचं बोट बाजूला केलं आणि त्या जागी अंगठा दाबला.

जयदेवची किंकाळी ऐकून पडद्यामागून डॉक्टरांची बायको झारा घेऊन बाहेर आली. वृंदा स्टुलावरून उठली. डॉक्टर मात्र समाधानाने खुर्चीत जाऊन बसले आणि मळलेल्या पॅडवर लिहू लागले. मानेतून दोन बाजूंनी दोन नसा वर डोक्यात जातात, त्यांतली उजवी दुखावली आहे. ती खाली धरली की वर डोळ्यापर्यंत कळ जाते. लढाईच्या वेळी लोखंडी टोप घालणाऱ्या शिपायांत त्यांनी हे पाहिलं होतं. वहीवर मान वाकवून बसणाऱ्यांतही पाहिलं होतं. त्याला नाव आहे, ऑक्सिपिटल न्यूराल्जिया.

जयदेवने ते नाव तीनदा म्हणवून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे, ये सच में है?"

"क्या?"

"दुखणं. सच में है ना?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "है, भाई," ते म्हणाले. "बिलकुल है."

जयदेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते अंगठ्यामुळे आलं असंही म्हणता आलं असतं, पण अंगठा केव्हाच काढला होता. वृंदाने पदर सारखा केला आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागली. आठ महिने ती त्याच्या डोक्याला तेल लावत होती, आणि या आठ महिन्यांत आपण त्याच्यावर निम्माच विश्वास ठेवला, हे तिला त्या कॅलेंडरसमोर कळलं.  डॉक्टरांनी सुई काढली तेव्हा तिने न सांगता त्याचा हात धरला.

सुईत नोव्होकेन होतं. दहा मिनिटांत जयदेवच्या डोक्याची उजवी बाजू दुसऱ्या कोणाची तरी असावी तशी बधिर झाली आणि ठणका थांबला. मान वळवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने भीत भीत वळवली. काही झालं नाही. खाली घातली. काही झालं नाही. आराम किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, कोणाला आठवडा, कोणाला वर्ष. परत आलं तर परत या. मेज उंच करा, वहीत तोंड घालून बसू नका. अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी त्यांनी सर्टिफिकेट लिहून दिलं आणि त्यात सगळं सविस्तर लिहिलं, कारण पुष्कळ दिवसांनी त्यांना असा रोगी मिळाला होता.

कॅम्पातून स्टेशनपर्यंत जयदेव दिसेल त्याला मान लववत गेला. सायकलवाल्याला, पापडवालीला, एका गाढवालाही. वृंदाने त्याला घरी न नेता थेट बदलापूरला नेलं. तिथे त्याने विष्णुपंतांच्या पायांवर लागोपाठ तीन वेळा डोकं ठेवलं. विष्णुपंत झोपाळ्यावर बसले होते आणि त्यांना झोपाळा थांबवायला वेळ मिळाला नाही, पण ते खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजी कारखान्याच्या गेटपाशी उभा होता. जयदेव आला, त्याने पहारेकऱ्याला मान लववली, रखमाबाईला लववली, दोन साध्या हमालांना लववली. बुधाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"भाव, ह्या काय झाला?"

"बरं झालं, बुधाजी. एका सुईत."

"आजच व्हयाचा व्हता काय?" बुधाजी म्हणाला.

बैठक तीन वाजता सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला धुरंधर साहेब आणि त्यांचे दोन अधिकारी, दुसऱ्या बाजूला जयदेव, बुधाजी आणि रंगाच्या खात्यातला एकजण. साहेब रात्री नीट झोपले नव्हते. आठ महिने ज्या मानेने त्यांना फेरीची वाट बदलायला लावली, तिच्यासमोर आज तासभर बसायचं होतं. त्यांनी कागद उघडला आणि शिस्तीचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला जयदेवची मान हलली. होकारार्थी. साहेब अडखळले. मग त्यांनी उत्पादनाचं सांगितलं. मान हलली. आज पाच मिनिटं दिली तर उद्या दहा मागतील, असं सांगितलं. मान आणखी जोरात हलली. जयदेव मुद्दाम करत नव्हता. अडतीस वर्षांची सवय आठ महिने दाबून ठेवलेली होती, ती आता भरपाई करत होती. बुधाजीने छताकडे पाहायला सुरुवात केली. धुरंधर साहेबांचा चेहरा फुलत गेला. शेवटी त्यांनी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

"तेव्हा गेट पूर्वीप्रमाणे साडेसातलाच बंद होईल. करा सही."

जयदेवने टाक उचलला. कागदावर मजकूर दोनच ओळींचा होता. पण त्या ओळींखाली त्याला हजेरीपट दिसू लागला, त्याच्याच अक्षरातला, आणि रखमाबाईच्या नावापुढचे खाडे. चपला हातात घेऊन धावणारी बाई त्याने अकरा वर्षं खिडकीतून पाहिली होती आणि अकरा वर्षं तो त्यावर मान डोलवत होता. आता कळ यायला हवी होती. आठ महिन्यांत अशा प्रत्येक वेळी ती आली होती, आणि त्याला काही करावं लागलं नव्हतं. तो थांबला. त्याने वाट पाहिली. कळ आली नाही. मान अगदी हलकी होती, मोकळी होती, आणि तिचं काय करायचं ते त्यालाच ठरवायचं होतं.

त्याने मान डावीकडे वळवली. दुखलं नाही. मग उजवीकडे वळवली. आडवी मान त्याने आयुष्यात क्वचितच हलवली होती आणि गेल्या आठ महिन्यांत तर एकदाही नाही. ते इतकं बरं वाटलं की त्याने पुन्हा डावीकडे वळवली, पुन्हा उजवीकडे.

"नाही म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," जयदेव म्हणाला. हा शब्द तोंडात नवा होता, म्हणून त्याने तो सावकाश उच्चारला. "गाडी वेळेवर येत नाही. बायका स्टेशनपासून धावत येतात. मी रोज बघतो. पाच मिनिटं दार उघडं राहू द्या."

साहेबांनी शिस्तीचा मुद्दा पुन्हा मांडला. मान आडवी हलत राहिली. उत्पादनाचा मांडला. हलत राहिली. तिच्यात राग नव्हता, उद्धटपणा नव्हता, नुसतं एक सुख होतं, आणि सुखाशी वाद कसा घालायचा हे साहेबांना ठाऊक नव्हतं. बुधाजीने छतावरून नजर खाली आणली. पावणेचारला साहेबांनी घाम पुसला आणि एक महिना प्रयोग म्हणून पाच मिनिटं मंजूर केली. त्या संध्याकाळी पॅकिंगच्या बायकांनी जयदेवला घरी पोचवलं. म्हणजे त्या त्याच्या मागे मागे चालत आल्या, आणि तो दर चार पावलांवर मागे वळून पाहत होता, कारण पाहता येत होतं.

शनिवारी त्याला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर डॉक्टर मूलचंदानींचं सर्टिफिकेट होतं. रजेच्या अर्जाबरोबर ते टाइम ऑफिसातून वर गेलं होतं आणि तिथून शिरस्त्याप्रमाणे साहेबांपुढे आलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं होतं. त्यांनी जयदेवला बसायला सांगितलं, हे यापूर्वी कधी झालं नव्हतं.

म्हणजे आठ महिने तुमची मान दुखत होती, असं त्यांनी विचारलं. जयदेवने होकार दिला. सकाळी फेरीच्या वेळी आपल्याकडे रोखून पाहत होता, तेही त्यामुळेच? हो. गेटवर खाडा लावला नाही, तेही? तेही, साहेब. धुरंधर साहेब खुर्चीत मागे टेकले. आपण आठ महिने एका नसेला घाबरलो, हे पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांचा आवाज मऊ झाला. बैठकीच्या आदल्या दिवशीच तुमच्या डोक्यात बधिर करायचं औषध घातलं होतं, असं इथे लिहिलंय. अशा अवस्थेत माणूस काही बोलून जातो, त्याला कोणी दोष देणार नाही. तुम्ही एक ओळ लिहून द्या की प्रकृती ठिकाणावर नव्हती. बैठक पुन्हा घेऊ. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही, आणि हेडक्लार्क या वर्षी निवृत्त होतायत हे तुम्हाला माहीत आहेच.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. इतकं गोड बोलणं जयदेवने साहेबांकडून कधी ऐकलं नव्हतं. त्याची मान आपोआप खाली जाऊ लागली. निम्म्या वाटेवर त्याने ती थांबवली आणि पुन्हा सरळ केली. या वेळी ती दुखत नव्हती, म्हणून सरळ करायला जास्त कष्ट पडले.

"आठ महिने मान दुखत होती, साहेब, ते खरं आहे," तो म्हणाला. "पण गुरुवारी ती अगदी बरी होती."

 बाहेर पत्रा कापायच्या यंत्राचा आवाज चालला होता. धुरंधर साहेबांनी कोरा कागद उचलून खणात ठेवला, सर्टिफिकेट पुन्हा एकदा वाचलं, आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"हा डॉक्टर कॅम्पात नक्की बसतो कुठं?" त्यांनी विचारलं.

जयदेवने खुर्ची थोडी पुढे ओढली. "पुढून दुखतंय की मागून, साहेब?"